चार नंबरच्या मशीनवरची भजनं

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी एका आठवड्यात सहा कॉम्प्युटर कोरे केले. पाच ठरवून आणि एक चुकून. ठरवून केलेल्या पाचांबद्दल मला कुणी काही विचारत नाही. सहाव्याची गोष्ट मात्र आमच्या गल्लीत अजून सांगितली जाते आणि सांगणारा प्रत्येक जण त्यात आपल्या पदरचं थोडं घालतो. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहून टाकावी.

माझा टायपिंगचा क्लास आहे. लालबागला, चिवडा गल्लीच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर. खालून दिवसभर तळणाचा वास येतो. नव्या विद्यार्थ्यांना पहिले आठ दिवस सारखी भूक लागते, मग सवय होते. मी इथे शिकवायला लागले तेव्हा खोलीत एकवीस टायपरायटर होते आणि शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणायचे की तुमच्या खडखडाटात मला पेशंटची छाती ऐकू येत नाही. पुढे टायपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, मूळ मालक गावी गेले आणि क्लास माझ्याकडे आला. शिकवणं तेच राहिलं. पाठ ताठ, मनगट उचललेलं, नजर कागदावर. बोटांकडे बघायचं नाही. बोटांकडे बघणारा कुणी दिसला की मी त्याच्या हातांवर रुमाल टाकते. त्या रुमालाला विद्यार्थी जेवढे घाबरतात तेवढे परीक्षेलाही घाबरत नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आता टायपिंग कोण शिकतं? सगळेच मोबाइलवर बडवतात की. पण सरकारी कारकुनीच्या नोकरीला अजून टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय मराठी टायपिंग ही सरळ गोष्ट नाही. टायपरायटरच्या काळापासून चालत आलेली अक्षरांची एक मांडणी आहे आणि कॉम्प्युटरसाठी बसवलेली इनस्क्रिप्ट नावाची दुसरी आहे. एकीत जिथे ‘क’ आहे तिथे दुसरीत भलतंच काही. दोन्ही शिकवणारे आता थोडे उरलेत. त्यामुळे माझ्याकडे परळ, शिवडी, काळाचौकीपासून लोक येतात. गिरणीत काम केलेल्यांच्या नाती येतात, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या बायका येतात.

आणि गावडे काका येतात. ते कुठल्याच परीक्षेला बसलेले नाहीत. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर शिवडीच्या गोदामांत मालाची मोजदाद केली. त्यांच्या भजनी मंडळाचे दाजीबुवा वारले. बुवांनी स्वतः रचलेली एक्केचाळीस भजनं एका वहीत होती. वहीची पानं इतकी जीर्ण की उलटताना तुकडे हातात यायचे. ती भजनं टाइप करून पुस्तिका काढायची म्हणून काका एक दिवस जिना चढून वर आले आणि म्हणाले, “बाई, माका शिकवा. दुसऱ्याक टाइप करूक दिलंय तर तो आमची मालवणी सुधारून टाकतलो.”

मी शिकवलं. रोज दुपारी तीन ते चार, दोन बॅचच्या मधला माझा चहाचा तास, चार नंबरचं मशीन. काका उजव्या हाताच्या दोन आणि डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचे. त्यांच्या हातांवर मी कधी रुमाल टाकला नाही. सात महिन्यांत त्यांनी अख्खी वही उतरवली. मग शुद्धलेखन बघत बसले, एका भजनावर दोन-दोन दिवस.

हे चाललेलं असताना आमच्या मशीनची वेळ भरत आली. एकूण आठ मशीन, त्यातली सहा म्हातारी. विंडोज टेनची मुदत संपत होती आणि पुढचं विंडोज या सहांवर चढत नव्हतं. ज्याने ती विकली होती त्याने फोनवरच निकाल दिला, “बाई, भंगारात घाला.” सुरू व्हायला त्यांना पाच-पाच मिनिटं लागत हे खरं. पण कीबोर्ड ठणठणीत, पडदे स्वच्छ. नुसतं टायपिंग शिकायला याहून काय लागतं? आणि परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

मी रुखसानाला फोन केला. ही माझी जुनी विद्यार्थिनी. भायखळ्याला तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चाळिशी उलटली, मुलं कॉलेजात गेली, पण माझ्यासमोर बसली की अजून पाठ ताठ करते.

दुसऱ्या दिवशी ती क्लासात आली, मशीन बघितली आणि म्हणाली, “बाई, विंडोजच्या जागी लिनक्स टाका ना. फुकट आहे, जुन्या मशीनवर मस्त चालतं.”

“कुठलं टाकू?”

“तेच तर आहे. शेकडो आहेत.”

“एका वस्तूची शेकडो नावं कशाला?”

तिने खिडकीतून खाली बोट दाखवलं. “खाली बघा ना. पोहे सगळ्यांचे तेच. कोण लसूण टाकतो, कोण काजू, कोण कमी तिखट करतो, आणि वर आपापलं लेबल लावतो. लिनक्स म्हणजे आतले पोहे समजा. पाकिटं वेगवेगळी. त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात.”

“मग चांगलं कुठलं?”

“बाई, पोटाला कुठलं झेपतं ते बघायचं. आणि यात एक बरं आहे, चाखून बघता येतं. पेन ड्राइव्हवर घ्यायचं, मशीन त्याच्यावरनं चालू करायचं. आतल्या डिस्कला हात पण लागत नाही. आवडलं तरच बसवायचं.”

हे मला पटलं. मी तिला म्हटलं, तू फक्त पेन ड्राइव्ह कसा बनवायचा ते दाखव, पुढचं मी करीन. पस्तीस वर्षं लोकांना शिकवलं, आता मला कुणीतरी शिकवायची वेळ आली होती, आणि खरं सांगते, मजा येत होती.

पहिला दिवस मशीनला पेन ड्राइव्हवरून उठवण्यातच गेला. मशीन सुरू होत असताना एक विशिष्ट बटण दाबत राहायचं असतं, म्हणजे ते विचारतं की कुठून सुरू होऊ? हे बटण प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाला एफ-ट्वेल्व्ह, दुसऱ्याला एफ-नाइन, तिसऱ्याला काय ते देव जाणे. माझ्या चारच्या बॅचमध्ये माने म्हणून एक विद्यार्थिनी आहे, दोन मुलांची आई, दादरला एका ऑफिसात लागायची तिची धडपड चाललेली. ती म्हणाली, “बाई, सगळी बटणं एकदम दाबा, एक तरी लागेल.” गंमत म्हणजे पाच नंबरचं मशीन तसंच उठलं.

मग चाखणं सुरू झालं. बाकीचे लोक लिनक्स निवडताना काय बघतात मला ठाऊक नाही. माझी परीक्षा ठरलेली होती. मी मराठी कीबोर्ड लावायचे आणि तीन शब्द टाइप करायचे. कुऱ्हाड, वाङ्मय, ॲम्ब्युलन्स. ज्याला हे तीन धड लिहिता येत नाहीत त्याने माझ्या क्लासात पाऊल ठेवायचं नाही. पहिलं पाकीट दिसायला देखणं होतं, पण आमच्या मशीनला झेपेना. पंखा असा घोंघावायला लागला की खालचा फरसाणवाला वर बघून गेला. दुसरं हलकं होतं, पण त्यात माझ्या कुऱ्हाडीचे तुकडे झाले. ‘र’ एकीकडे, ‘ह’ दुसरीकडे, मध्ये एक ठिपक्याठिपक्यांचा गोल. रुखसाना म्हणाली, तो दोष लिनक्सचा नाही, नुसता फॉन्ट टाकावा लागेल. तो टाकताही आला असता. पण मी नवखी होते आणि नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी डागडुजी करायला लागू नये असं माझं मत आहे.

तिसरं मिंट. त्यातली सगळ्यात हलकी आवृत्ती. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, ओळखीची मांडणी, पंखा शांत. मराठी कीबोर्ड चार क्लिकमध्ये लागला. कुऱ्हाड अखंड उमटली, वाङ्मय उमटलं, ॲम्ब्युलन्स उमटली. मी टाळी वाजवली. माने म्हणाली, “पेपरमिंट पास झालं!” तेव्हापासून क्लासात त्याचं नाव पेपरमिंटच.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परीक्षेच्या सरावाचं आमचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. त्यामुळे दोन नवी मशीन मी तशीच ठेवली आणि सराव त्यांच्यावर पाळीपाळीने करायचं ठरवलं. रोजचं शिकणं उरलेल्या सहांवर.

सोमवारी पहिलं मशीन केलं. पडद्यावर येणारी प्रत्येक पाटी तीन-तीनदा वाचून. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला, डिस्क पूर्ण पुसू का, खरंच पुसू का. मग जगाचा नकाशा येतो आणि विचारतो, तुम्ही कुठे आहात? मी मुंबईवर बोट ठेवलं. खाली नाव आलं, कोलकाता. पुन्हा मुंबई दाबली, पुन्हा कोलकाता. अख्ख्या भारताचं घड्याळ त्या नावाने लावलेलं आहे हे मला नंतर कळलं. तोवर बॅचमधल्या मुली “बाई, आपण कोलकात्याला गेलो, आता रसगुल्ले आणा” म्हणून मागे लागल्या होत्या. वीस मिनिटांत काम झालं. पाच मिनिटं घेणारं मशीन मिनिटभरात उभं राहिलं. त्या दिवशी मी घरी दादरपर्यंत चालत गेले, एवढी खुशीत होते.

मंगळवारी दोन, बुधवारी दोन. हात बसला. आणि तिथेच घोळ झाला.

चार नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण त्यात काकांची भजनं होती. खरं तर क्लासचा नियम आहे की प्रत्येकाने आपलं काम रोज आपल्या पेन ड्राइव्हवर घ्यायचं. काका पेन ड्राइव्ह आणत नसत. मी कधी टोकलं नाही. म्हाताऱ्या माणसाला काय नियम लावायचे, असं वाटायचं. रुखसानाने सल्ला दिला होता, “त्याच्यात नवी डिस्क लावून देते. लिनक्स नव्या डिस्कवर टाका. जुनी आहे तशी राहू द्या. मग फाइल आरामात काढू.” तिने डिस्क लावून दिली. म्हणजे एका डब्यात आता दोन डिस्क होत्या. त्याआधी त्या फाइलची एक प्रत काढून ठेवायला मला दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, जुन्या डिस्कला हात लागणारच नाहीये, मग कशाला?

गुरुवारी दुपारी मी चार नंबर करायला बसले. पाट्या आल्या. मी पुढे, पुढे, पुढे करत गेले. जिथे ‘कुठली डिस्क’ असा प्रश्न येतो तिथे आधीच्या पाच मशीनमध्ये उत्तर एकच होतं, कारण डिस्कच एक होती. इथे दोन नावं होती आणि वर जुनीचं होतं. मी वाचलं नाही. जन्मभर लोकांना न बघता बोटं चालवायला शिकवलं, त्या दिवशी माझी बोटं न बघता चालली. “खरंच पुसू?” याला मी हो म्हटलं आणि चहा घेतला.

मशीन उठलं, पण नवी डिस्क असूनही आळसावल्यासारखं उठलं. मला शंका आली. आत जाऊन बघितलं तर नवी डिस्क रिकामी, कोरी करकरीत, कोपऱ्यात पडलेली. मग लिनक्स बसलं कुठे?

जुन्या डिस्कवर. तीन वाजायला दहा मिनिटं होती.

काका वेळेवर आले. चपला काढल्या, चष्मा पुसला, चार नंबरच्या खुर्चीत बसले. पडद्यावर नवीनच हिरवं चित्र बघून म्हणाले, “वा! ह्या पण पेपरमिंट झाला काय? माझी फाइल खंय ठेवलास?”

मी उभीच होते. म्हटलं, “काका, चूक झाली. माझ्या हातून जुनी डिस्क पुसली गेली.”

“म्हणजे?”

“फाइल गेली. रुखसानाला बोलावलंय, ती प्रयत्न करील. पण…”

त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. मग अगदी हळू म्हणाले, “बाई, वही नाय आता.”

“वही नाही म्हणजे?”

“टाइप पुरा झाला म्हणून वही गावाक धाडलंय ना. बुवांच्या मुलीन वही खाडीत सोडली. बुवांची तशीच इच्छा होती. पाना फाटून पायदळी येवक नको म्हणून.”

मी खुर्ची ओढून बसले. वही माझ्या क्लासच्या भरवशावर पाण्यात गेली होती.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा डबीत ठेवला, चपला घातल्या आणि कठडा धरून जिना उतरून गेले.

रुखसाना त्याच संध्याकाळी आली. आल्याआल्या मशीन बंद केलं, डिस्क काढून दुकानात नेली आणि दोन दिवस तिच्यावर राबली. पुसलेल्या डिस्कवरही बरंच काही मागे राहिलेलं असतं, नवं त्यावर लिहिलं जाईपर्यंत. पण मी त्यावर एक अख्खं लिनक्स लिहिलं होतं. तिला क्लासच्या सहलीचे फोटो मिळाले, कुणाचे तरी जुने अर्ज मिळाले, काकांची फाइल मिळाली नाही. मिळाली म्हणजे एक सांगाडा मिळाला, उघडला की नुसते चौकोन.

“सॉरी बाई,” ती म्हणाली. चूक माझी आणि सॉरी ती म्हणत होती.

पाच दिवस काका आले नाहीत. तीन वाजले की चार नंबरची खुर्ची रिकामी दिसायची आणि मला बॅचवर ओरडायची इच्छा व्हायची. सहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी पाणी दिलं. काका खिडकीत बसून होते. समोर कागद आणि पेन होतं, कागदावर एक ओळ होती आणि तीही खोडलेली.

“आठवून लिवूक बघतंय,” ते म्हणाले. “एक पण धड येत नाय. चाळीस वर्सा मागे उभा रवान कोरस दिलंय मी, आणि शब्द येत नाय म्हणजे काय!”

काकू आतून म्हणाल्या, “बसान खंय येतले? तुमका म्हटल्याशिवाय काय आठवता?”

मी विचारलं, “म्हटल्याशिवाय म्हणजे?”

“गायल्याशिवाय हो. दुकानात सामान आणूक पाठवलंय तरी चालीत पाठ करून जातत.”

काकांनी पेनाला टोपण लावलं. मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच जरा दरडावून म्हणाले, “बाई, तुमी टायपिंगच्या बाई ना? मी म्हणतंय. तुमी टाइप करा.”

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते झांज घेऊन आले. मी चार नंबरला बसले. मशीन पुन्हा नीट बसवलं होतं, या वेळी नव्या डिस्कवर, प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून. काकांनी घसा खाकरला, डोळे मिटले, झांजेचा एक ठोका दिला आणि सुरू झाले.

टायपिंगच्या क्लासात भजन म्हणजे काय दृश्य होतं ते मी कसं सांगू! पहिल्या दिवशी लवकर आलेल्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. तिसऱ्या दिवशी मानेने टेबलावर ठेका धरला. चौथ्या दिवशी खालच्या दुकानातले दोघे जिन्यात येऊन उभे राहिले, हाताला बेसन तसंच. शेजारच्या डॉक्टरांनी कंपाउंडरला पाठवलं. मला वाटलं, झालं, तक्रार आली. तो म्हणाला, “डॉक्टर विचारतायत, उद्या पण आहे का?”

पण काम सोपं नव्हतं. काका गाताना थांबत नसत आणि थांबवलं की सूर तुटायचा, सूर तुटला की शब्द जायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. मी मिनिटाला पन्नास शब्द टाइप करणारी बाई, पण ती जुन्या टायपरायटरच्या मांडणीवर. पेपरमिंटमध्ये कीबोर्ड इनस्क्रिप्टचा होता. ते मी शिकवत आले होते, माझ्या बोटांत मात्र ते कधी मुरलं नव्हतं. शिवाय मालवणी शब्द. एकदा मी न कळून नेहमीचा पुस्तकी शब्द टाकला तर काकांनी गाता गाताच डोळे उघडून मान हलवली. दर पाच मिनिटांनी मी फाइल साठवत होते. एक प्रत मशीनवर, एक पेन ड्राइव्हवर, एक रुखसानाला पाठवलेली. चौथी प्रत मानेने हौसेने आपल्या मोबाइलवर घेतली.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वहीत एकेका भजनाचे दोन-तीन अंतरे होते. काका गायला लागले की चौथाही यायचा.

“हा वहीत नव्हता ना?” मी विचारलं.

“नाय. हा बुवा बारीतच म्हणायचे, रंगात इले की. वहीत कित्याक लिवतीत?”

डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा आमनेसामने सामना. एकाने गायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. त्या ईर्षेत बुवांना सुचलेले हे अंतरे कागदावर कधी आलेच नव्हते. आता येत होते. माझ्या चुकीचं समर्थन मी करत नाही. सात महिन्यांची एका म्हाताऱ्या माणसाची मेहनत मी पुसली, ती पुसलीच. पण ते चौथे अंतरे टाइप करताना मला मनातून थोडा आनंद व्हायचा हे खोटं कशाला बोलू?

महिनाभरात अडतीस भजनं पुरी झाली. मंडळातले दोन म्हातारे अधूनमधून येऊन मदत करून गेले. तीन भजनं मात्र अर्धीच राहिली. काका धृपद म्हणायचे, पुढच्या ओळीशी यायचे आणि हात हवेत राहायचा. पुन्हा, पुन्हा, दहा वेळा. नाही म्हणजे नाहीच. शेवटी ते म्हणाले, “सोडा जागा रिकामी. नसलेला घालूचा नाय.” मी तिथे रिकाम्या ओळी सोडल्या.

छपाईची मला धास्ती होती. क्लासचा प्रिंटर मशीनपेक्षाही जुना. पेपरमिंटला तो चालेल की नाही या काळजीत मी वायर लावली. पडद्यावर एक छोटी पाटी आली, प्रिंटर तयार आहे. माझा विश्वासच बसेना, म्हणून पहिला कागद बाहेर येईपर्यंत मी रुखसानाला फोनवर धरून ठेवलं. ती पलीकडून हसत होती. मधल्या काळात परीक्षाही झाली. माने पास झाली, नुसती पास नाही, चांगल्या मार्कांनी. पेढे घेऊन आली तेव्हा पहिला पेढा तिने चार नंबरच्या मशीनसमोर ठेवला आणि दुसरा मला दिला.

पुस्तिका निघाली त्याच महिन्यात परळच्या एका हॉलमध्ये काकांच्या मंडळाची बारी होती. रविवारी दुपारी चार वाजता. मी आयुष्यात कधी डबलबारीला गेले नव्हते. रुखसानाला बरोबर घेऊन गेले. आम्ही दोघी तिसऱ्या रांगेत. समोर मंडळाचे नवे बुवा, हातात आमची पुस्तिका, मागे कोरसमध्ये गावडे काका झांज घेऊन. पखवाज असा वाजत होता की खुर्ची थरथरत होती.

मध्यावर नव्या बुवांनी नेमकं त्या तीन अर्ध्या भजनांतलं एक घेतलं. ते मला लगेच ओळखू आलं, विठ्ठलाला गलबताचा तांडेल म्हणजे कप्तान करणारं.

“गोदीक लागला गलबत माजा, इठ्ठल तेचो तांडेल…”

कोरसने उचललं. एकदा, दोनदा, लय वाढली. मला ठाऊक होतं, पुढे पानावर काही नाही. धृपदच घोळवत ते दुसऱ्या भजनावर जाणार असं ठरलं होतं. लय आणखी वाढली. आणि मागून, कोरसमधून, एक आवाज सगळ्यांच्या वर चढला. काका उभे राहिले होते. डोळे मिटलेले. बंद खोलीत दहा-दहा वेळा हवेत राहिलेला हात आता खाली आला आणि पुढची ओळ आली, अख्खी, एका दमात. नवे बुवा चमकून मागे वळले, मग त्यांनी ती उचलली. हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. रुखसानाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी टाइप करताना दुखत होतं.

त्या गदारोळात मी मोबाइल काढून जशी ऐकू आली तशी ओळ उतरवून घेतली. सोमवारी क्लास उघडल्याउघडल्या चार नंबर लावलं, फाइल उघडली आणि रिकाम्या जागी ती ओळ टाइप केली. साठवली, चारही ठिकाणी. तीन वाजता काका आले तेव्हा मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, “भरतीची वाट कित्याक बघू, सुट्टीक पण नेतलो पार.”

मग चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं.

“बाई, सुट्टीक?”

“तुम्हीच म्हणालात की काल.”

“सुट्टीक नाय हो, सुकतीक! भरती आणि सुकती. समुद्राचा पाणी मागे जाता ती सुकती.” आणि ते खुर्चीत मागे रेलून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “इठ्ठलाक खंयची सुट्टी इली!”